रेडिओचे नियंत्रण : यंत्र एक, संगणक अनेक



१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रातर्फे युनेस्कोच्या सहकार्याने एक महत्त्वाचा प्रयोग करण्यात आला. पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळे स्थापन झाली. गावकरी संचाभोवती जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. रेडिओने खेड्याला बोलते केले. परंतु तो संच कोणत्या लहरी पकडील, आवाज किती स्वच्छ देईल, हे सारे कारखान्यातच ठरून गेलेले असे. बटण फिरविले की आतील गँग कंडेन्सरच्या पात्या सरकत आणि केंद्र बदले. ऐकणाऱ्याची सत्ता तेवढ्यापुरतीच होती.

आज हौशी रेडिओ-चालकांच्या टेबलावर जो नवा रेडिओ आला आहे, त्याला पुष्कळदा बटणच नसते. हाताच्या पंजाएवढी एक पेटी, एका बाजूस अँटेनाची तार, दुसऱ्या बाजूस संगणकाची तार. बटण, तबकडी, गाळणी, ध्वनी वेगळा करणारे मंडल ही सर्व कामे संगणकातील आज्ञावलीकडे सोपविलेली असतात. अशा रेडिओस ‘सॉफ्टवेअर-आधारित रेडिओ’ म्हणतात. ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा अमेरिकन अभियंते जोसेफ मिटोला यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ केली. या रेडिओची आज्ञावली कोणत्याही प्रकारच्या संगणकावर चालेल अशी कशी रचावी आणि तशी ती रचणे का अगत्याचे आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बटणाच्या जागी आज्ञावली

प्रथम यंत्राचे काम पाहू. हर्मिस-लाइट २ हा हौशी मंडळींनी मिळून विकसित केलेला, ज्याची रचना सर्वांस खुली आहे असा एक लहानसा रेडिओ आहे. तो सुमारे ५ वॅट शक्तीने प्रक्षेपणही करू शकतो. अँटेनावर येणाऱ्या लहरींची पातळी तो सेकंदाला ७ कोटी ६८ लक्ष वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजणी १२ बिटांच्या अंकात मांडतो. म्हणजे सेकंदाला ९२ कोटींहून अधिक बिट निर्माण होतात. एवढा ओघ घरगुती संगणकाने झेलावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून पेटीतील एक चिप, जिची अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येते, या ओघातून हवा तेवढाच पट्टा निवडते आणि तो संगणकाकडे सेकंदाला ४८ हजार ते ३ लक्ष ८४ हजार नमुन्यांच्या गतीने पाठविते.

पुढचे सारे काम संगणकाचे. पट्ट्याचे चित्र पडद्यावर काढणे, त्यातील एक केंद्र वेगळे करणे, खरखर कमी करणे, ध्वनी कर्ण्याकडे धाडणे आणि त्याच वेळी रेडिओला ‘आता अमुक वारंवारतेवर जा’, ‘आता बोल’, ‘आता थांब’ अशा आज्ञा देणे, ही कामे अखंड चालू ठेवावी लागतात. ध्वनी एक क्षणही तुटता कामा नये आणि आज्ञा एकदाही चुकता कामा नये. नियंत्रण-आज्ञावलीची कसोटी ती हीच.

एका प्रणालीशी बांधले गेल्याचा परिणाम

या क्षेत्राचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २००२-०३ मध्ये अमेरिकेतील गेराल्ड यंगब्लड यांनी ‘क्यूईएक्स’ या तांत्रिक नियतकालिकात चार भागांची लेखमाला लिहून सर्वसामान्यांना परवडेल असा सॉफ्टवेअर-आधारित रेडिओ कसा बांधावा हे दाखविले. त्यातून एसडीआर-१००० हा रेडिओ तयार झाला. त्याचे नियंत्रण संगणकाच्या प्रिंटरसाठी असलेल्या पोर्टातून होई आणि ध्वनी संगणकाच्या साउंड कार्डातून जाई. त्याची ‘पॉवरएसडीआर’ ही आज्ञावली खुल्या परवान्याखाली सर्वांस उपलब्ध होती, हे मोठेच औदार्य होते.

परंतु ती आज्ञावली केवळ विंडोजवर चाले. पुढे नव्या संगणकांवरून प्रिंटरचे ते पोर्टच हळूहळू नाहीसे झाले. ज्याच्याकडे लिनक्स चालविणारा संगणक होता किंवा ॲपलचा होता, त्यास रेडिओ असूनही बोलता येईना. आज्ञावलीचा मूळ मजकूर हाती असूनही ती दुसरीकडे नेणे कष्टाचे ठरले, कारण पडद्यावरील बटणे, यंत्राला द्यावयाच्या आज्ञा आणि ध्वनीची मांडणी यांची परस्परांत गुंतागुंत झालेली होती. त्यातील गणिती भाग मात्र सी भाषेत स्वतंत्रपणे लिहिलेला होता. तो भाग इतर संगणकांवर सहज गेला. जे वेगळे ठेवले होते ते तगले आणि जे गुंतविले होते ते अडकले.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की रेडिओचे आयुष्य संगणकाहून मोठे असते. चांगला बांधलेला रेडिओ वीस वर्षे चालतो. त्या अवधीत संगणकाची प्रणाली अनेकदा बदलते. ॲपलने २००६ साली आपल्या संगणकांतील प्रोसेसर बदलून इंटेलचे घेतले आणि २०२० साली पुन्हा बदलून स्वतःचे आणले. एकाच प्रणालीच्या आधारे लिहिलेली आज्ञावली निकामी झाली की चांगला चालता रेडिओही अडगळीत जातो. बहुप्रणाली आज्ञावली म्हणजे केवळ सोय नव्हे. यंत्रावर खर्च केलेल्या पैशाचे ते संरक्षण आहे.

सीमारेषा कोठे आखावी

या अनुभवातून हौशी मंडळींनी जी रीत स्वीकारली ती साधी आहे. आज्ञावलीचे तीन भाग करावेत. पहिला यंत्राशी बोलणारा, दुसरा गणित करणारा, तिसरा माणसाशी बोलणारा. पहिल्याला पडद्याची माहिती नसावी, तिसऱ्याला यंत्राची नसावी. पडद्यावरील बटण दाबले गेले तर तिसऱ्या भागाने एवढेच म्हणावे की वारंवारता ७१ लक्ष हर्ट्झ करावी. ते अंक तारेवरून कसे जातील हे पहिल्याने पाहावे.

२००५-०६ च्या सुमारास सुरू झालेल्या एचपीएसडीआर या हौशी उपक्रमाने आणखी एक पाऊल टाकले. यंत्र व संगणक यांच्यातील संभाषणाचा संपूर्ण संकेत, म्हणजे प्रोटोकॉल, प्रसिद्ध केला. हर्मिस-लाइट २ तोच प्रोटोकॉल बोलतो. प्रोटोकॉल लिखित आणि खुला असल्यामुळे एकाच रेडिओसाठी अनेकांनी अनेक आज्ञावल्या लिहिल्या. जॉन मेल्टन यांनी रास्पबेरी पाय या छोट्या, अल्प किमतीच्या संगणकासाठी ‘पायएचपीएसडीआर’ रचली. ती आज लिनक्सप्रमाणे मॅकओएसवरही चालते. जेम्स आल्स्ट्रॉम यांची ‘क्विस्क’ पायथन व सी भाषांत असून विंडोज व लिनक्स दोहोंवर चालते. यंत्र तेच राहिले, चालविणाऱ्याला निवड मिळाली.

या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक पॅकेट १,०३२ बाइटांचे असते. आरंभीचे ८ बाइट ओळखीचे, त्यानंतर ५१२ बाइटांचे दोन भाग. हा ५१२ चा आकडा आला कोठून? या उपक्रमाची पहिली यंत्रे यूएसबीच्या तारेने जोडली जात आणि तेथे ५१२ बाइटांचा गठ्ठा सोयीचा होता. पुढे जोडणी नेटवर्कच्या तारेने होऊ लागली, तरी गठ्ठ्याचा आकार जुनाच ठेवण्यात आला, जेणेकरून आधी लिहिलेल्या आज्ञावल्यांत कमीत कमी बदल करावा लागावा. शहाण्या प्रशासनात जुन्या नोंदवहीचे रकाने जसे विनाकारण बदलत नाहीत, तसाच हा प्रकार आहे.

अंकांचा क्रम आणि वेळेचा हिशेब

तत्त्व साधे असले तरी अडचणी बारकाव्यांत असतात. त्यांपैकी तीन विशेष सांगण्याजोग्या आहेत.

पहिली अडचण अंकांच्या क्रमाची. ७१ लक्ष हर्ट्झ ही वारंवारता चार बाइटांत लिहिली की ०, १०८, ८६ आणि ९६ असे अंक येतात. प्रोटोकॉल सांगतो की मोठा अंश आधी पाठवावा. परंतु इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसर स्मृतीत लहान अंश आधी ठेवतात. आज्ञावलीकाराने स्मृतीतील अंक जसेच्या तसे उचलून पाठविले तर रेडिओ ते ९६, ८६, १०८, ० असे वाचतो आणि त्याला १,६१,६२,७६,४८० हर्ट्झ, म्हणजे त्याच्या पल्ल्याबाहेरची, भलतीच वारंवारता मिळते. २००६ पूर्वीच्या ॲपल संगणकांतील पॉवरपीसी प्रोसेसरवर हीच सदोष आज्ञावली बिनतक्रार चालली असती, कारण तेथे मोठा अंश आधी ठेवला जाई. एका संगणकावर चालते म्हणून आज्ञावली बरोबर आहे असे मानू नये, हा याचा धडा. उपाय असा की प्रत्येक बाइट गणिताने वेगळा काढून स्वतःच क्रमाने मांडावा. मग प्रोसेसर कोणताही असो.

दुसरी अडचण वेळेची. ५१२ बाइटांच्या भागात ओळखीचे ३ आणि आज्ञेचे ५ बाइट वजा जाता ५०४ उरतात. एका नमुन्यास ८ बाइट लागतात, म्हणजे एका भागात ६३ आणि एका पॅकेटात १२६ नमुने. संगणकाकडून रेडिओकडे सेकंदाला ४८ हजार नमुने जावयाचे असल्याने सेकंदाला सुमारे ३८१ पॅकेटे, म्हणजे दर २.६ मिलिसेकंदांस एक पॅकेट पाठविणे प्राप्त होते. आता विंडोजमध्ये नेहमीच्या मांडणीत प्रणालीच्या घड्याळाचा ठोका सेकंदाला ६४ वेळाच पडतो. दोन ठोक्यांत १५.६ मिलिसेकंदांचे अंतर असते. एवढ्यात सहा पॅकेटे निघून जावयास हवीत. ‘थोडा थांब आणि पाठव’ अशी आज्ञा लिहिणाऱ्याला लिनक्सवर यश येते आणि विंडोजवर आवाज तुटक येतो. उपाय प्रणालीच्या घड्याळात नसून रेडिओच्या घड्याळात आहे. रेडिओकडून येणारे नमुने मोजावेत आणि ४८ हजारांच्या गतीने १२६ नमुने आले की एक पॅकेट परत पाठवावे. ज्या यंत्राला वेळेवर माल हवा आहे, त्याच्याच ठोक्यावर चालावे, म्हणजे प्रणालीचा प्रश्न उरत नाही.

तिसरी अडचण ध्वनीची. संगणकाचे साउंड कार्ड आणि रेडिओ यांची घड्याळे निरनिराळी असतात. दोन्ही ४८ हजारांची म्हणविली, तरी एखाद्याचे ४८,००२ भरतात. सेकंदाला दोन नमुन्यांची तफावत क्षुल्लक वाटते. तासाभरात ती ७,२०० नमुन्यांची होते. मग मधली साठवण भरून वाहते किंवा रिकामी पडते आणि ‘कट्’ असा आवाज येतो. गावच्या कालव्यात वरून सोडलेले आणि खाली घेतलेले पाणी यांत रोज थोडा फरक राहिला तर काही दिवसांनी कालवा फुटतो किंवा कोरडा पडतो, तसेच हे आहे. म्हणून साठवणीची पातळी सतत पाहून नमुन्यांची गती किंचित कमीजास्त करणारे गणित मध्ये बसवावे लागते. शिवाय विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांच्या ध्वनि-व्यवस्था वेगवेगळ्या आहेत. तिन्हींना सामाईक दरवाजा देणारी ‘पोर्टऑडिओ’सारखी तयार ग्रंथालये वापरली तर आज्ञावलीकाराचे श्रम वाचतात.

लहान गोष्टीही विसरता येत नाहीत. लिनक्समध्ये फाइलच्या नावातील लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात. विंडोजमध्ये सामान्यतः मानली जात नाहीत. युरोपातील काही देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात. तेथील संगणकावर साठविलेली वारंवारता दुसरीकडे चुकीची वाचली जाऊ शकते. संगणकाला वायफाय आणि तार अशा दोन जोडण्या असल्या तर रेडिओचा शोध चुकीच्या वाटेने घेतला जातो आणि रेडिओ ‘सापडत नाही’.

प्रक्षेपण ही जबाबदारी

येथवरच्या चुकांनी ऐकणाऱ्याची गैरसोय होते. प्रक्षेपणातील चुकीने इतरांची होते. भारतात हौशी रेडिओ-चालकास परीक्षा देऊन केंद्र शासनाचा परवाना घ्यावा लागतो आणि नेमून दिलेल्या पट्ट्यांतच प्रक्षेपण करता येते. परवाना माणसाला असतो, आज्ञावलीला नसतो. आज्ञावलीने चुकीच्या वारंवारतेवर लहरी सोडल्या तरी उत्तरदायी चालकच.

या प्रोटोकॉलमध्ये प्रक्षेपण चालू की बंद हे प्रत्येक आज्ञेतील एका बिटाने ठरते. समजा, प्रक्षेपण चालू असताना आज्ञावली गोठली, तर काय व्हावे? हर्मिस-लाइट २ मध्ये अशी पहारेदार योजना आहे की संगणकाकडून पॅकेटे येणे थांबले की रेडिओ आपणच थांबतो. ही योजना उत्तम आहे. पण तिच्यावर विसंबून राहणे पुरेसे नाही. ध्वनी तुटू नये म्हणून आज्ञावलीतील पॅकेटे पाठविणारा भाग पडद्यापासून स्वतंत्र चालविला जातो, हे वर आलेच आहे. आता पडदा गोठला आणि पाठविणारा भाग मात्र चालूच राहिला, तर तो ‘बोल’ हाच बिट सेकंदाला ३८१ पॅकेटांतून पाठवीत राहील. पॅकेटे येत असल्यामुळे पहारेदाराला संशय येणार नाही. चालक बटण दाबतो आहे, पडदा ऐकत नाही आणि लहरी निघतच आहेत, असा प्रसंग ओढवेल.

म्हणून जाणते आज्ञावलीकार आणखी एक पहारा ठेवतात. पडद्याच्या भागाने ठरावीक अंतराने ‘मी जागा आहे’ अशी खूण द्यावी. खूण आली नाही तर पाठविणाऱ्या भागाने प्रक्षेपणाचा बिट स्वतःहून बंद करावा. त्याखेरीज सलग प्रक्षेपणास कालमर्यादा असावी आणि परवानगीच्या पट्ट्याबाहेर प्रक्षेपणाची आज्ञा स्वीकारलीच जाऊ नये. हे नियम पडद्यात न ठेवता यंत्राशी बोलणाऱ्या भागात ठेवावेत, म्हणजे उद्या कोणी नवा पडदा रचला तरी शिस्त कायम राहील.

शाळा आणि गाव यांच्या दृष्टीने

हे सारे थोड्या छंदिष्टांचे काम, असे कोणी म्हणेल. परंतु डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमानातील दळणवळण तोडले, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या हौशी रेडिओ-चालकांनीच बाहेरच्या जगाशी संदेशवहन चालू ठेवले होते. संकटाच्या वेळी हाताशी असेल तो संगणक जोडून रेडिओ चालविता आला पाहिजे; विशिष्ट प्रणालीचा संगणक शोधीत बसण्यास तेव्हा अवसर नसतो.

महाराष्ट्रालाही हे तत्त्व परके नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्याकडून येणाऱ्या संकेतांवर प्रक्रिया करण्यासाठी तेथील शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणारे संगणक लिनक्सवर एकत्र जोडून व्यवस्था उभारली. तिचे तपशील २०१० साली प्रसिद्ध झाले. खास घडविलेल्या यंत्रमंडलाचे काम सामान्य संगणकावरील आज्ञावलीकडे देण्याची ही मोठी कल्पना हौशी चालकाच्या टेबलावर लहान रूपात नांदते आहे.

शाळांच्या बाबतीत दोन सोयी विशेष आहेत. पायएचपीएसडीआरबरोबर रेडिओची हुबेहूब बतावणी करणारी एक आज्ञावली मिळते. ती चालविली की खरा रेडिओ नसतानाही विद्यार्थ्यांना पॅकेटे, नमुने व पट्ट्याचे चित्र यांचा अभ्यास करता येतो. तेथे प्रक्षेपण होत नसल्याने चूक झाली तरी कोणाचे नुकसान नाही. दुसरी सोय भाषेची. पडद्यावरील शब्द आज्ञावलीपासून वेगळ्या फाइलीत ठेवले तर मराठी शिक्षक, आज्ञावलीची एक ओळही न बदलता, सर्व बटणांना मराठी नावे देऊ शकतो. मात्र ही विभागणी आरंभीच व्हावयास हवी.

शासकीय कार्यालयाने, शाळेने किंवा ग्रामपंचायतीने संगणकाने चालणारे कोणतेही यंत्र घेताना चार प्रश्न विचारावेत. या यंत्राचा प्रोटोकॉल प्रसिद्ध आहे काय? याची आज्ञावली दुसऱ्या एखाद्या प्रणालीवर चालवून दाखविता येईल काय? पडद्यावरील शब्द आपल्या भाषेत आणता येतील काय? आणि काम चालू असताना संगणकाची तार उपसली तर यंत्र सुरक्षितपणे थांबेल काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत. चौथ्याचे मात्र कागदावर घेऊ नये. तार उपसून पाहावी.

१९५६ च्या श्रोता मंडळांनी रेडिओ ऐकून प्रश्न विचारण्याची सवय लावली. ते प्रश्न कार्यक्रमाविषयी होते. आज तोच अधिकार यंत्राविषयी वापरण्याची वेळ आली आहे.